‘आचके’ आणि ‘मुका मार’: प्रथमोपचाराच्या मजकुरात हे शब्द कसे योजावेत?

प्रश्न : प्रथमोपचाराच्या मराठी मजकुरात ‘आचके देणे’ हे श्वास चालू असल्याचे लक्षण समजावे की बंद पडल्याचे? आणि ‘मृदू ऊतींची इजा’ या बोजड शब्दप्रयोगाऐवजी ‘मुका मार’ लिहिलेले चालेल का?

उत्तर : ‘आचके देणे’ आणि ‘ऊर्ध्व लागणे’ हे दोन्ही शब्दप्रयोग मरणशय्येजवळचे आहेत. ‘ऊर्ध्व’ आयुर्वेदातील महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास या श्वासविकाराच्या पाच प्रकारांपैकी दुसऱ्याचेच रूप आहे, आणि व्यवहारात तो शब्द उच्चारला की आता काही उरले नाही, असा निवाडाच दिला जातो. तातडीच्या उपचारात मात्र हाच निवाडा घातक ठरतो. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाचे तोंड पहिली काही मिनिटे अधूनमधून उघडते, घशातून घोरल्यासारखा आवाज येतो, आणि पाहणारा एक तर ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबतो किंवा ‘ऊर्ध्व लागला’ म्हणून हात टेकतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. आचका हा श्वास नव्हे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि १० सेकंदांच्या आत नेहमीसारखा श्वास दिसला नाही, तर मदत बोलावून मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबायला सुरुवात करायची असते. म्हणून मजकुरात ‘श्वास आहे का’ असे न लिहिता ‘श्वास नेहमीसारखा आहे का’ असे लिहावे.

‘घरघर’ या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. जीभ मागे पडल्यावरचे घोरणे, घशात रक्त किंवा उलटी साचल्यावरची खळखळ, श्वास सोडताना छातीतून येणारी बारीक शिट्टी आणि श्वास आत घेताना वरच्या मार्गातून येणारा कर्कश आवाज या चारही गोष्टींना आपण सरसकट घरघर म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येकीचे कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. याउलट ‘एका दमात’ हा प्रयोग अगदी नेमका आहे. प्रौढाचा विश्रांतीतील श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो, पण घड्याळ हाताशी नसले तरी माणसाला एका दमात वाक्य पुरे करता येत नाही, एवढ्यावरून धाप किती गंभीर आहे ते कळते.

दुसरे मत : ‘मुका मार’ सुंदर शब्द आहे, पण तो अर्धाच अर्थ सांगतो. कातडी न फाटता आत झालेली इजा एवढाच त्याचा आवाका. खरचटणे, चिरणे, फाटणे, भोसकणे त्यात येत नाही. सुश्रुताने सद्योव्रणाचे, म्हणजे इजेने झालेल्या ताज्या जखमेचे, छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट असे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला घृष्ट म्हणजे आपले खरचटणे, आणि पिच्चित म्हणजे चेंगरून चपटे झालेले. शिवाय ‘मुका’ म्हटल्यावर इजा किरकोळ वाटते, तर पोटावरच्या मुक्या मारात बाहेर थेंबही न दिसता आत भरपूर रक्तस्राव होऊ शकतो. शब्द ठेवावा, पण त्याला ही सूचना जोडावी.

प्रश्नकर्ता : मान्य. मग ‘मृदू ऊती’ची फोड ‘त्वचा, स्नायू आणि अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे)’ अशी करू का?

उत्तर : करावी, मात्र त्वचेखालची चरबी आणि स्नायू हाडाला जोडणारे स्नायुरज्जूही घ्यावेत. हिंदीवरून मजकूर घेत असाल तर एक सावधगिरी बाळगा : तिकडे ‘मांसपेशी’ म्हणजे स्नायू, तर मराठीत ‘पेशी’ हा शरीराचा सूक्ष्मतम घटक, त्यामुळे ‘पेशी फाटली’ असे आले की अर्थाचा अनर्थ होतो. मुरगळणे अस्थिबंधासाठी आणि उसण भरणे स्नायूसाठी वापरता येईल, जरी बोलण्यात ही सीमा पुसट आहे. रक्त वाहत असेल तर ‘जखम बांधावी’ असे मोघम न लिहिता ‘स्वच्छ कापडाने जखमेवर थेट व सतत दाब द्यावा, रुतलेली वस्तू उपटू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा’ असे लिहावे.