तिसरीतली मुलगी इंग्रजीत कशी सांगावी?

प्रश्न: ‘माझी मुलगी तिसरीत आहे’ हे अमेरिकेतल्या लोकांना कसं सांगावं? ‘थर्ड स्टँडर्ड’ कळेल का? आणि ‘थर्ड ग्रेडर’ रोजच्या बोलण्यात चालतं का?

प्रतिसाद: ‘स्टँडर्ड’ फार तर अंदाजाने कळेल, इयत्तेसाठी तो शब्द तिकडे वापरात नाही. ‘शी इज इन थर्ड ग्रेड’ म्हणा. ‘इन द थर्ड ग्रेड’ चूक नाही, पण बोलताना ‘द’ बहुधा गाळतात. ‘शी इज अ थर्ड ग्रेडर’ तर अगदी सर्रास चालतं, पालकांच्या तोंडी आणि बातम्यांतही. चूक होते ती दोन्ही रचना मिसळल्यावर. ‘शी इज अ थर्ड ग्रेड’ म्हटलं की मुलगीच इयत्ता ठरते! ‘अ’ आला की शेवटी ‘ग्रेडर’ किंवा ‘स्टुडंट’ हवंच. मात्र नुसतं ‘ग्रेडर’ म्हणजे पेपर तपासणारा, म्हणून आधीचा आकडा सोडू नका. लिहिताना ‘थर्ड-ग्रेड टीचर’मध्ये जोडरेघ द्या; ‘थर्ड ग्रेडर’ दोन्ही प्रकारे लिहिलेलं दिसतं.

प्रतिसाद: हे अमेरिकेपुरतं. कॅनडात ‘इन ग्रेड थ्री’ म्हणतात, तिथे क्रमवाचक ‘थर्ड’ सहसा येत नाही. इंग्लंडमध्ये ‘ग्रेड’ म्हटलं की गुणांची श्रेणी आठवते, इयत्तेला ‘इयर’. पण आकडा तसाच उचलू नका. ‘इयर थ्री’तली मुलं ७-८ वर्षांची असतात, अमेरिकेतल्या ‘थर्ड ग्रेड’मधली ८-९ची. आपल्याकडे सहा पूर्ण झाल्यावर पहिली, म्हणजे तिसरीतली मुलगी साधारण आठ पूर्ण झालेली. तिची इंग्लंडमधली जोडी ‘इयर फोर’.

प्रतिसाद: बालवाडीच्या वयात तर घोळ जास्त. आपले केजीचे दोन वर्ग, ज्युनिअर आणि सीनिअर. अमेरिकेत किंडरगार्टन एकच वर्ष, साधारण पाचव्या वर्षी सुरू होणारं. तिथल्या मुलाला ‘किंडरगार्टनर’ म्हणतात, त्याहून लहान ‘प्रीस्कूलर’. ज्युनिअर केजीतल्या मुलाला ‘किंडरगार्टनर’ म्हटलंत तर ऐकणारा त्याला वर्षभराने मोठा समजेल. इंग्लंडमध्ये ‘इयर वन’च्या आधीचा वर्ग ‘रिसेप्शन’, वय ४-५.

कुठल्या देशातला माणूस ऐकतोय याची खात्री नसेल तर इयत्तेऐवजी वय सांगा: ‘शी इज एट’. नामासारखं वापरायचं तर ‘ॲन एट-इयर-ओल्ड’. इथे ‘इयर’ला ‘एस’ लागत नाही. ‘एट इयर्स ओल्ड गर्ल’ ही आपल्याकडची नेहमीची चूक.