आई रोज म्हणते "मला घरी जायचंय", काय सांगू?

रातराणी:
आईला अल्झायमर आहे, निदान होऊन 4 वर्षं झाली. संध्याकाळ झाली की तिचं सुरू होतं, मला घरी सोड, माझी आई वाट बघत असेल. आजी जाऊन 30 वर्षं झालीत. आधी मी खरं सांगायचे आणि ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची, मग मी सांगणं सोडलं. आता काहीतरी सांगून वेळ मारून नेते पण आईशी खोटं बोलतेय हे मनाला खातं. रात्री 3-4 वेळा उठते, म्हणजे मीही उठते. परवा मी तिच्यावर जोरात ओरडले तर तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले, मी मारीन असं वाटलं तिला. ते डोळ्यासमोरून जातच नाहीये. तिच्या जगण्यात काही सुख उरलंय का हे मला कसं कळणार, आणि मी किती दिवस पुरणार?

शिंपला:
ताई, बाबांना 6 वर्षं सांभाळलं मी. "घरी जायचंय" म्हणजे बहुतेक वेळा भीती वाटतेय, कुणीतरी जवळ हवंय. त्यामुळे खरं की खोटं यात अडकूच नका, "तुझी आई कशी होती गं?" असं विचारून बघा. त्यात खोटं काहीच नाही. आणि अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावा, सावल्यांनी गोंधळ वाढतो.
सुखाचं म्हणाल तर बाबा शर्टाचं वरचं बटण लावायचे, काढायचे, अंगठ्यानं चाचपून परत लावायचे, अर्धा अर्धा तास. मला बघवायचं नाही, मी हात धरायचो आणि मग ते चिडायचे. एकदा दमून नुसता शेजारी बसलो तेव्हा चेहरा नीट पाहिला, अगदी शांत होता. त्रास मला होत होता, त्यांना नाही.

वॉर्डातली:
मी नर्स आहे. शिंपला यांनी लिहिलंय ते आम्ही नेहमी बघतो. डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारात, जगण्याचा दर्जा मोजायची एक 13 प्रश्नांची प्रश्नावली आहे, तब्येत, मूड, उत्साह, घरचे, मित्र असं सगळं, प्रत्येकाला 1 ते 4 गुण. पेशंटला आणि सांभाळणाऱ्याला वेगवेगळं विचारतात, आणि सहसा सांभाळणाराच कमी गुण देतो. तो स्वतः खचलेला असेल तर आणखीच कमी. म्हणून आधी आईंनाच विचारा, आज कसं वाटतंय, सोप्या शब्दांत, आणि उत्तराला वेळ द्या.
आणखी एक, रात्रीचं उठणं किंवा गोंधळ दोन-चार दिवसांत एकदम वाढला असेल तर तो आजार पुढे गेला असं धरून बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टरांना लगेच दाखवा. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या मनानं देऊ नका, काहींनी गोंधळ वाढतो. चष्मा, कानाचं मशीन पण तपासा.

मधला_भाऊ:
माझी बहीण अशीच एकटी आईचं करायची आणि मी लांबून फोनवर "काही लागलं तर सांग" म्हणायचो. तिनं कधीच सांगितलं नाही. शेवटी तीच आजारी पडली तेव्हा डोळे उघडले. ताई, मदत मोघम मागू नका, वार ठरवून मागा. आठवड्यातली एक रात्र कुणीतरी आईंजवळ झोपेल आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपाल. ओरडलात ते झोप नाही म्हणून, प्रेम कमी आहे म्हणून नाही.

रातराणी:
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना रडले. रात्रीचं उठणं खरंच गेल्या आठवड्यातच वाढलंय, माझ्या लक्षातच आलं नव्हतं, उद्याच डॉक्टरांकडे नेते. भावाला फोन केला, शनिवारची रात्र त्यानं घेतलीये. आणि काल दिवे लवकर लावले आणि तुझी आई कशी होती विचारलं, तर म्हणाली तिचे हात गार असायचे. मग माझे हात हातात घेऊन बराच वेळ चोळत बसली.