'आलमगीर'चा सौदा: पाकिस्तानने काय मिळवलं?

सागरवेडा:
३१ ऑगस्ट २०१० ला फ्लोरिडाच्या मेपोर्ट तळावर अमेरिकेची युद्धनौका 'मॅकइनर्नी' निवृत्त झाली आणि त्याच दिवशी 'पीएनएस आलमगीर' म्हणून पाकिस्तानकडे गेली. ऑलिव्हर हॅझर्ड पेरी वर्गातली फ्रिगेट, १९७९ पासून सेवेत. डागडुजीचे साडेसहा कोटी डॉलरही अमेरिकेच्याच लष्करी मदतीतले. पण पुढच्या डेकवरचा एमके-१३ प्रक्षेपक आधीच उतरवलेला! विमानविरोधी स्टँडर्ड आणि जहाजविरोधी हार्पून, दोन्ही क्षेपणास्त्रं त्यातूनच सुटायची. उरली ७६ मिमीची तोफ, जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणारी फॅलँक्स तोफ आणि टॉर्पेडो. फुकटात मिळालं तरी असलं जहाज घेऊ नये.

तांडेल:
पाकिस्तानला द्यायचं म्हणून काढला नव्हता हो. एसएम-१, म्हणजे तेच स्टँडर्ड, कालबाह्य झालं, तेव्हा २००३ पासून अमेरिकेने स्वतःच्याच पेरींवरून तो उतरवायला घेतला. तशाच अवस्थेत सप्टेंबर २००८ मध्ये 'मॅकइनर्नी'ने ग्वाटेमालाच्या पश्चिमेला कोकेनने भरलेली अर्धपाणबुडी पकडली. पाकिस्तानला हवी होती पाणबुडीविरोधी बोट. दोन हेलिकॉप्टरांचा हँगर, ध्वनीवरून पाणबुडी शोधणारं सोनार यंत्र, टॉर्पेडो, त्या कामाला आणखी काय लागतं?

सागरवेडा:
सुटे भाग लागतात, आणि ते देणाऱ्याची मर्जी. १९८९ च्या सुमारास अमेरिकेच्याच ब्रूक आणि गार्सिया वर्गातल्या आठ फ्रिगेट पाकिस्तानने भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. १९९० मध्ये अणुकार्यक्रमावरून अमेरिकी कायद्यातल्या प्रेसलर दुरुस्तीचे निर्बंध आले आणि भाडेपट्टा संपल्यावर सगळ्या परत द्याव्या लागल्या. मग पळापळ करून ब्रिटनकडून टाइप २१ च्या सहा जुन्या बोटी आणल्या. एकदा हात पोळल्यावर पुन्हा त्याच दारात?

घारापुरीकर:
दोघेही एकाच जहाजावरून सगळ्या वर्गाला तोलताय. ऑस्ट्रेलियाच्या 'मेलबर्न' आणि 'न्यूकॅसल' याच घराण्यातल्या. २०२० मध्ये चिलीने घेतल्या तेव्हा त्यांच्यावरून स्टँडर्डची पुढची आवृत्ती एसएम-२ डागण्याची सोय होती, शिवाय आठ कप्प्यांचा उभा प्रक्षेपक. म्हणजे जुनं जहाज वाईट नसतं, आधीच्या मालकाने ते कसं राखलं ते बघायचं. आपली 'विराट' १९५९ ची 'हर्मिस'. १९८७ ते २०१७, ब्रिटिशांपेक्षा जास्त वर्षं आपणच वापरली.

तांडेल:
'जलाश्व' सांगायची राहिली. अमेरिकेची १९७१ ची 'ट्रेंटन' आपण २००७ मध्ये त्या नावाने घेतली, तेव्हाही 'भंगार घेतलं' म्हणून ओरड झालीच होती. कोविडात तिनेच मालेहून ६९८ जणांना कोचीला आणलं.

सागरवेडा:
'जलाश्व' माणसं आणि रणगाडे वाहायला घेतली, तेच काम करते. क्षेपणास्त्रवाहू म्हणवणाऱ्या फ्रिगेटशी तिची तुलना कशी करता?

घारापुरीकर:
थोडं विषयांतर, पण नाव भारी निवडलंय. खऱ्या आलमगीरालाही, म्हणजे औरंगजेबालाही, कोकणच्या दर्यात जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार लागत होतं.

सागरवेडा:
सिद्दीची गलबतं निदान तोफांसकट होती!