मदत हवी आहे: गाईची दगडी (कासेचा दाह) परत परत येते, दूध तपासून औषध कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात (यवतमाळ) दादाकडे दोन संकरित गाई आहेत. एकीच्या मागच्या उजव्या सडाला दगडी झालीय. कास टणक, हात लावू देत नाही, धारेत दह्यासारख्या गुठळ्या पडतात. गावात एक जण येऊन इंजेक्शन देतात. सूज उतरली की इंजेक्शन बंद, काही दिवसांनी दुखणं परत, मग आणखी भारी इंजेक्शन. आधी एन्रोफ्लॉक्सासिन, आता सेफ्ट्रायाक्झोन, दोन्ही जंतू मारणारी अँटिबायोटिक. दूध मात्र एकदाही तपासलेलं नाही.

दादाला वाटतं, गुण येतो ना, मग झालं. मला तसं वाटत नाही. औषध अर्धवट सोडलं की चिवट जंतू तेवढे मागे राहतात, आणि धार काढणाऱ्याच्या हातावरून दुसऱ्या गाईच्या कासेत जातात. शिवाय सेफ्ट्रायाक्झोन माणसांनाही देतात. उद्या घरातल्याच कुणाला ते लागलं आणि चाललंच नाही तर?

म्हणून कल्चर-सेन्सिटिव्हिटी (दुधातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची तपासणी) करून घ्यायचीय. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेत कुणी दुधाचा नमुना दिला आहे का? सड स्पिरिटने पुसायचा, पहिल्या धारा सोडायच्या, मग निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन बर्फात ठेवायचा, एवढं माहीत आहे. पण या उन्हात एसटीने नेताना तो टिकतो का? आणि इंजेक्शन चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढतच नाहीत असं होतं, तर आधी किती दिवस थांबायचं? १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या मदत क्रमांकावर फोन केला तर फिरत्या दवाखान्याचे डॉक्टर गोठ्यात येऊन नमुना घेतात का?

दुसरा प्रश्न दुधाचा. औषध दिल्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही ही मुदत लेबलवर नसेल तर दूध किमान ७ दिवस विकायचं नाही, असा २०१२ पासून नियम आहे. ढेपेचे (पेंडीचे) भाव बघता हे नुकसान लहान नाही, तरी डेअरीला घालायचं नाही हे दादाने मान्य केलंय. पण वहिनी ते दूध गोऱ्ह्याला पाजते. त्याच्या आतड्यातले जंतूही औषधाला सरावतील ना? मग या दुधाचं करायचं काय? उकिरड्यावर ओतलं तर तेच खत वावरात जाणार.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सुचवतं तो लेप (कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम) कुणी लावून पाहिलाय का? गुठळ्या पडत असताना नुसत्या लेपावर राहायची माझी तयारी नाही, पण दुसऱ्या गाईची कास जरा सुजलेली दिसली तर सुरुवातीलाच लावावा का? डॉक्टर मंडळींनी जरूर लिहावं.