टेकडीवरची दगडी थडगी: आधी संरक्षण की आधी गावाला विचारायचं?

डोंगरवाट:
हिरे बेनकल बघितलंय का कुणी? कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीजवळ. सोलापुरातनं विजापूर-बागलकोट करत जाता येतं. टेकडीच्या माथ्यावर चारशेच्या आसपास दगडी थडगी, उभ्या शिळांवर शिळेचंच छत, काहींच्या भिंतीत गोल भोक, आणि हे सगळं लोहयुगातलं म्हणजे दोन हजार वर्षांपेक्षा जास्त जुनं. २०२१ ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नाव आलं, तरी कितीतरी छतं कोसळलेली आहेत. माझं म्हणणं एवढंच की आपल्या भागातल्या टेकड्यांचं सर्वेक्षण खाणीचा परवाना द्यायच्या आधी व्हावं, नंतर काय उपयोग. नळदुर्गला अधिकारी असलेल्या मेडोज टेलर या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकात कर्नाटकातल्या शोरापूर भागातली अशी थडगी खोदून नोंदी ठेवल्या, आणि आपण आज साधी यादी करू शकत नाही?

काळी_माती:
काय बोलालाव मालक. एकदा संरक्षित म्हणून बोर्ड लागला की १०० मीटरात बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरात परवानगी. आमच्या पाहुण्यांचं घर जुन्या देवळाला लागून आहे, स्लॅब गळतोय, दुरुस्तीच्या कागदासाठी हेलपाटे घालून माणूस थकला. वारसा सगळ्यांचा आणि भुर्दंड एकट्या जमीनवाल्याला, असं का?

डोंगरवाट:
त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण त्या पट्ट्यात शेती बंद होत नाही, बंद होतं ते नवं बांधकाम आणि खाणकाम. आणि टेकडीच्या माथ्यावर घर कोण बांधतंय हो, तिथं येतं ते पोकलेनच.

खडीमशीन:
पोकलेनला शिव्या देणं सोपं आहे. हैद्राबाद रोड, विजापूर रोड चौपदरी झाले ते खडीवरच ना? आणि दगडाचा ढीग कुठला आणि थडगं कुठलं हे ऑपरेटरला कसं कळणार?

नागपूरवाला:
कळतं, एकदा दाखवलं की कळतं. आमच्याकडं काटोल रोडला जुनापाणीत कडेनं मोठ्या दगडांचं गोल रिंगण आणि आत माती-गोट्यांची भर, म्हणजे थडगंच, काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खड्डे. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये त्यावर लिहून ठेवलंय. माहुरझरीला अशाच वर्तुळात घोडा पुरलेला सापडला, डोक्यावर तांब्याचा दागिना घातलेला, आणि नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. आता विचार करा, वरचे दगड रस्त्यात गेले असते तर खाली काय होतं हे कुणाला कळलं असतं? तुटलेला किल्ला निदान ओळखू तरी येतो, रिंगणाचे दगड उचलले की उरतं नुसतं माळरान. पण डोंगरवाट, नुसत्या यादीनं भागणार नाही, चौकीदार पायजे, आणि तो गावातलाच पायजे.

खडीमशीन:
परवान्याच्या अर्जासोबतच पाहणी करून द्या, महिन्याभरात. पैसे भरून मशिनरी आणल्यावर काम थांबवू नका. एवढं केलं तर माझा विरोध नाही.

काळी_माती:
तुमचं मिटलं, आमचं नाही. पाहणी करा, पण गट नंबर टाकायच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवा, दुरुस्तीची परवानगी किती दिवसात आणि जमीन अडकली तर भरपाई कोण देणार हे लिहून द्या. चौकीदार गावातला ही गोष्ट मात्र पटली, त्याचा पगार पण लिहूनच द्या.