अनुभव धागा: ब्रेक्झिटनं आपल्या कामात नेमकं काय बदललं? (कोल्हापूर आणि परिसर)

धागाकर्ता

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. तिकडचं भांडण अजून मिटलेलं नाही. आपल्याकडंही शिरोली-गोकुळ शिरगावपासून चप्पल लाईनपर्यंत हा विषय निघाला की तीन वाक्यं हमखास येतात: ‘ब्रिटन बुडालं’, ‘आपल्याला रान मोकळं झालं’ आणि ‘आपल्याला काय फरक पडतो’. तिन्ही अर्धवट आहेत. ज्यांच्या हातातून रोज कागद जातात त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. कुठला कागद वाढला, माल कुठं अडतो, का अडतो, तेवढं सांगा.

एक विनंती. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, पण ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू होते. कस्टम्सचा बदल १ जानेवारी २०२१ पासूनचा. त्याआधी जे झालं ते मुख्यतः पौंडाच्या भावानं. वाद घालताना ही दोन्ही एकात एक मिसळू नका.

कास्टिंग निर्यात, शिरोली एमआयडीसी

पौंडापासून सुरू करतो. मतदानाच्या दिवशी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, दुसऱ्या दिवशी ९३ च्या घरात आला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ८१-८२ वर. फौंड्रीचा धंदा असा की पॅटर्न मंजूर होऊन, सॅम्पल पास होऊन माल निघेपर्यंत तीन महिने, आणि त्यावर ९० दिवसांची उधारी. समजा २०,००० पौंडांची ऑर्डर ९५ चा भाव धरून दिली आणि पैसे ८२ नं आले, तर २ लाख ६० हजार रुपये जागेवर गेले. त्या ऑर्डरचा नफा बहुतेक तेवढाही नसतो. फॉरवर्ड कव्हर (पुढं येणाऱ्या पौंडांचा भाव बँकेकडं आजच बांधून घेणं) घ्यायचं ते ऑर्डर पक्की झाली त्या दिवशी. इनव्हॉइस निघायची वाट बघत बसलं की मधले तीन महिने उघडे राहतात. पूर्ण रकमेचं कव्हर घेऊ नये, कारण माल उशिरा गेला तर करार पुढं ढकलायचा खर्च आपल्याच डोक्यावर बसतो. साधारण दोन तृतीयांश बरं.

आता खरं दुखणं, मालाचा उगम. आधी न्हावा शेवाहून कंटेनर इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात जायचा आणि एकदा शुल्क भरलं की माल सगळ्या संघात मोकळा. इंग्लंडचा खरेदीदार त्यातले चार पॅलेट ट्रकनं जर्मनीला पाठवायचा, त्याला कागद लागत नव्हता. आता तोच माल ब्रिटनमध्ये शुल्क भरून उतरतो आणि जर्मनीत शिरताना पुन्हा शुल्क भरतो. ब्रिटन आणि संघातल्या करारात शून्य शुल्क आहे, पण ते त्यांच्या मातीत तयार झालेल्या मालाला. आपलं कास्टिंग तिकडच्या गोदामात ठेवलं, नवीन खोक्यात भरलं, वरून रंगाचा हात मारला, तरी ते भारतीयच राहतं. त्यांनी त्यावर मशिनिंग करून वेगळा भाग बनवला तर उगम बदलू शकतो, पण ते त्या भागाच्या एचएस कोडच्या (कस्टम्समधला वस्तूचा वर्गीकरण क्रमांक) नियमावर ठरतं. तोंडी आश्वासनावर कुणी दर ठरवू नये.

उपाय दोन. माल इथूनच फोडा: एक बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) फेलिक्स्टोचं, दुसरं संघातल्या रॉटरडॅम किंवा अँटवर्प बंदराचं. नाहीतर खरेदीदाराला तिकडच्या बाँडेड गोदामात माल ठेवायला सांगा, म्हणजे शुल्क न भरता तो ट्रान्झिटवर पुढं जातो. फोडताना हमखास होणारी चूक म्हणजे एकाच हीट नंबरचे (एकाच वेळी वितळवलेल्या धातूचे) नग दोन्हीकडं जातात आणि टेस्ट सर्टिफिकेट एकाच खोक्यात. दोन्ही सेटमध्ये ते टेस्ट सर्टिफिकेट (३.१ प्रकारचं) घाला आणि पॅकिंग लिस्टवर पॅलेटनिहाय हीट नंबर लिहा. छोटा भाग सुट्या लोडमध्ये जातो तेव्हा किलोमागं भाडं वाढतं, ते दरात आधीच धरा.

आणि डीडीपीवर दर देऊ नका, मालक. डीडीपी म्हणजे तिकडचा आयातदार आपणच. मग ब्रिटनचा ईओआरआय (कस्टम्सचा नोंदणी नंबर) वेगळा, संघातला वेगळा, दोन्हीकडं व्हॅटची नोंदणी. नंबर नसताना माल बंदरात पोचला की डेमरेजचं (माल पडून राहिल्याच्या दंडाचं) मीटर चालू होतं. एफओबी (जहाजावर चढवेपर्यंत खर्च आपला) किंवा सीआयएफवर (तिकडच्या बंदरापर्यंत भाडं आणि विमा आपला) राहा.

हस्तकला आणि चप्पल निर्यात, सुभाषनगर

शिरोलीच्या दादांनी लिहिलेलं सगळं चपलेलाही लागू आहे, पण आमचं कामच पार्सलचं, त्यामुळं अडचणी वेगळ्या.

सुरुवात कोडपासून. ६४०३.२० या कोडचं वर्णन वाचलं तर डोळ्यांसमोर कोल्हापुरीच येते: चामड्याचा तळ, आणि पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. जगभर एकच कोड. पण तळाला रबर लावलं की हा कोड सुटतो. एकाच ऑर्डरमध्ये अर्धे जोड चामड्याच्या तळाचे आणि अर्धे रबराचे असले तर इनव्हॉइसवर दोन ओळी हव्यात. एका ओळीत घातले की तपासणीत खोका उघडतात.

ग्राहकाला थेट पाठवताना दोन वेगळी गणितं आहेत. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर २० टक्के व्हॅट विकतानाच घ्यायचा, आणि त्यासाठी विकणाऱ्याची किंवा त्या ऑनलाइन बाजाराची तिकडं नोंदणी हवी. हे १ जानेवारी २०२१ पासून. संघात १५० युरोंपर्यंत आयओएसएस नावाची सोय आहे (विकतानाच व्हॅट घेऊन एकाच ठिकाणी भरायचा), ती १ जुलै २०२१ पासून, आणि व्हॅटचा दर देशागणिक वेगळा. आयओएसएस नंबर कुरिअरच्या डेटात गेला नाही तर व्हॅट ग्राहकाच्या दारात मागतात, वर कुरिअरचं हाताळणी शुल्क. ग्राहक पार्सल परत करतो आणि परतीचा खर्च आपल्यावर येतो. लंडनच्या दुकानदाराला माल देऊन ‘डब्लिनच्या गिऱ्हाइकाला तिथूनच पाठवा’ म्हणायचे दिवस गेले.

चामड्याचं म्हणाल तर कातडीला लागणाऱ्या वस्तूत सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमचं घातक रूप) किलोला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, हा संघाचा जुना नियम. ब्रिटननं रसायनांचा कायदा आपल्या वहीत उतरवून घेतला, म्हणून आता वह्या दोन आणि पुढचे बदलही दोन ठिकाणी बघायचे. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्यात क्रोमचा प्रश्न येत नाही. तो येतो आतल्या पातळ अस्तरात, वेणीत किंवा गोंड्यात बाजारातलं क्रोमचं चामडं वापरलं की. टेस्टिंगला नुसता तळाचा तुकडा दिला तर रिपोर्ट पास येतो आणि तिकडं माल नापास होतो. तळ, पट्टा, कान, वेणी, प्रत्येकाचा तुकडा वेगळा द्या.

एक गोष्ट पावसाळ्यासाठी. कागदपत्रांमुळं माल बंद खोक्यात जास्त दिवस राहतो आणि सालीनं कमावलेलं हे चामडं दमट हवा ओढून घेतं. जून ते सप्टेंबर जोड पूर्ण सुकल्याशिवाय भरू नका, प्रत्येक डब्यात सिलिका जेल घाला. बुरशी रोखायच्या पुड्या घेताना त्यात डायमिथाइल फ्युमरेट नाही हे लेखी घ्या. त्याची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे जवळजवळ बंदीच.

गूळ, मार्केट यार्ड

थोडक्यात लिहितो. गूळ साखरेच्याच प्रकरणात, १७०१ मध्ये मोडतो आणि शुल्क वजनावर लागतं. त्यामुळं भारी सेंद्रिय गूळ आणि साधा गूळ, दोघांना किलोमागं बोजा सारखाच. स्वस्त माल तिकडं परवडत नाही तो म्हणूनच. लेबलवर ब्रिटनसाठी ब्रिटनमधला पत्ता आणि संघासाठी संघातला पत्ता लागतो, म्हणजे लेस्टरचं लेबल आयर्लंडमध्ये चालत नाही. सगळ्यात महत्त्वाचं, सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते लेबलवर ठळक लिहावं लागतं. गुऱ्हाळावर हायड्रॉस (रंग उजळवणारी, सल्फाइट सोडणारी पावडर) मारलेला गुळाचा पिवळाधमक रवा, म्हणजे ढेप, इथं भाव खातो, तिकडं त्याच पिवळेपणावर पहिला संशय. भेंडीच्या रसानं साफ केलेला काळपट गूळ मागा आणि प्रत्येक लॉटचा रिपोर्ट ठेवा.

परदेशी शिक्षण मार्गदर्शन, राजारामपुरी

‘ब्रेक्झिटमुळं आता ब्रिटन आणि युरोपचे दोन व्हिसे लागतात’ हे पालक फार बोलतात. चूक आहे. ब्रिटन शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांची एकाच व्हिसाची व्यवस्था) कधीच नव्हतं, भारतीय पासपोर्टला आधीही दोन लागायचे.

बदललं ते वेगळंच. १ जानेवारी २०२१ पासून संघातल्या नागरिकांचा मुक्त संचार संपला, तेही आपल्यासारखेच व्हिसाच्या गुणांच्या पद्धतीत आले. १ जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट (शिकून झाल्यावर तिथं राहून काम करायची परवानगी) सुरू झाला: पदवीनंतर दोन वर्षं, पीएचडीला तीन. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांचे १८ महिने होणार, तेव्हा कोर्स कधी संपतो हे आधी मोजा. जानेवारी २०२४ पासून बहुतेक मास्टर्स विद्यार्थ्यांना जोडीदार नेता येत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसाला लागणारा पगार एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० पौंड झाला, जुलै २०२५ मध्ये ४१,७००. नव्या पदवीधराला काही सवलत आहे, पण ती ठरावीक मुदतीची. ‘दोन वर्षांत नोकरी मिळेलच’ या भरवशावर शेत तारण ठेवू नका, हे कळकळीनं सांगणं आहे.

पैशांचा कागद सगळ्यात जास्त फसतो. व्हिसासाठी दाखवायची रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एका दिवसासाठी जरी खाली गेली, अगदी लग्नाच्या हॉलचा चेक वटला म्हणून, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एफडी मोडून २७ व्या दिवशी स्टेटमेंट काढणारेही नाकारले जातात. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तो फीमध्ये धरलेला नसतो.

मेकॅनिकल इंजिनिअर, उजळाईवाडी

यात एक भर. ब्रिटिश कंपनी आपल्या भारतीय इंजिनिअरला हॉलंडच्या साईटवर मशिन बसवायला पाठवायची तेव्हा आधी व्हॅन डर एल्स्ट नावाची सोय होती. संघातल्या कंपनीचा कर्मचारी, मग तो कुठल्याही देशाचा असो, तिथल्या वर्क परमिटशिवाय काम करू शकायचा. ती ब्रिटनपुरती संपली. मुलाखतीत ‘युरोपभर प्रवास’ म्हटलं की परमिट कोण काढणार आणि किती आठवडे लागणार हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

कागदपत्रांचं काम, आजरा-चंदगड पट्टा

गोव्याकडच्या नात्यांमुळं इकडं पोर्तुगीज पासपोर्टचे प्रश्न येतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलाबाळांची नोंद लिस्बनला होते, आणि तो पासपोर्ट घेऊन माणसं ब्रिटनला जायची. ब्रेक्झिटनंतर ती वाट ३१ डिसेंबर २०२० पूर्वी ब्रिटनमध्ये राहत असलेल्यांनाच उरली, आणि त्यांच्या अर्जाची मुदतही ३० जून २०२१ ला संपली. ‘अजून होतंय’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि लक्षात असू द्या की तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. ज्यांना तिकडं राहायचा दर्जा मिळालाय त्यांचा पुरावा आता ऑनलाइन आहे. पासपोर्ट नवीन झाला की नवा नंबर त्या खात्यात त्याच आठवड्यात भरा, नाहीतर विमानाच्या काउंटरवर अडवतात.

वाणिज्य प्राध्यापक (निवृत्त)

सगळे तोटेच मांडतायत म्हणून दुसरी बाजू. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सही झाली. संघात असताना ब्रिटनला असा स्वतंत्र करार करताच आला नसता. भारत आणि संघाची बोलणी २००७ ला सुरू होऊन २०१३ ला थांबली होती, ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. आपल्या ९९ टक्के वस्तूप्रकारांना तिकडं शून्य शुल्क हे ब्रेक्झिटचंच फळ म्हणायला हवं.

कास्टिंग निर्यात, शिरोली एमआयडीसी

सर, आपल्यासाठी फळ आहे, मान्य. पण त्यांच्या बाजूनं तोला. ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे की या करारानं त्यांच्या अर्थव्यवस्थेत दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास. आणि त्यांच्याच अर्थसंकल्पीय संस्थेचा अंदाज की संघ सोडल्यानं उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. खरेदीदाराचाच धंदा आखडला तर शून्य शुल्काचा माल घेणार कोण? शिवाय सही वेगळी आणि अंमल वेगळा. अंमलाची तारीख आणि आपल्या कोडची ओळ बघितल्याशिवाय दर खाली आणू नका.

निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

सार्वमतावर बोलताना आपण गोवा विसरतो. १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आपल्या भागातल्या अनेकांच्या तो निकाल जिव्हारी लागला, पण मतदाराला दोन्ही चिन्हांचा अर्थ ठाऊक होता, कारण विलीनीकरण की केंद्रशासित, हे दोन्ही पर्याय कायद्यातच लिहिलेले होते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर ‘बाहेर पडा’ एवढंच होतं. संघाच्या सामायिक बाजारपेठेत राहून बाहेर, फक्त कस्टम्स युनियन (एकच आयात शुल्क) ठेवून बाहेर, की काहीच न ठेवता, हे तिच्यावर नव्हतं. म्हणूनच २७ मार्च २०१९ ला त्यांच्या संसदेत आठ पर्याय मतदानाला आले आणि आठही पडले. वर ज्या दोन-दोन वह्यांबद्दल लिहिलंय त्यांचं मूळ त्या एका ओळीच्या प्रश्नात आहे.

आणखी एक, फार कमी लोकांना माहीत असलेलं: ब्रिटनमध्ये राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून त्या सार्वमतात मत देऊ शकत होते. तिथं राहणारे जर्मन, फ्रेंच, पोलिश देऊ शकत नव्हते.

पॅकिंग मटेरियल, गोकुळ शिरगाव

पॅलेटचं राहिलं. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारायचा, हे आपल्याला नवीन नाही. पण ब्रिटन आणि संघात तो नियम नव्हता, तो २०२१ पासून आला. म्हणजे आपला माल ब्रिटनमधून पुढं जाणार असेल तर पॅलेट दुसऱ्यांदा तपासला जाऊ शकतो. शिक्का समोरासमोरच्या दोन बाजूंना हवा. तिकडं फोर्कलिफ्टनं फळी तुटली आणि गोदामातली साधी फळी ठोकली की सगळा पॅलेट बाद. जड कास्टिंगला खालची फळी जाड घ्या, नाहीतर पूर्ण प्लायवूडचा पॅलेट वापरा, त्याला शिक्का लागतच नाही.