अंधारातील रोप अधिक उंच वाढले. मुलांना कसे समजावावे?

प्रश्न:
मी तिसरीच्या मुलांना शिकवते. ओल्या कापसावर राजम्याच्या बिया रुजवून आम्ही एक बरणी खिडकीत आणि दुसरी बंद कपाटात ठेवली. काही दिवसांनी कपाटातील रोपे खिडकीतील रोपांपेक्षा बरीच उंच झालेली दिसली आणि झाडाला उजेड लागतच नाही, असे मुलांनी एकमुखाने ठरवून टाकले. मोजपट्टी त्यांच्याच हातात होती, त्यामुळे त्यांचे म्हणणे नुसते खोडून काढणे मला योग्य वाटत नाही. पुढे काय करावे?

प्रतिसाद १:
मुलांचे मोजमाप बरोबरच आहे, परंतु वाढ म्हणजे केवळ उंची नव्हे. बी रुजायला पाणी, हवा आणि ऊब पुरते, आणि सुरुवातीचे अन्न राजम्याच्या दोन जाड दलांतच साठवलेले असते. मातीखाली रुजलेल्या कोंबाला शिदोरी संपण्याआधी उजेड गाठायचा असतो, म्हणून अंधारात तो जवळजवळ सगळे बळ खोड लांबवण्यात खर्च करतो. दोन्ही बरण्या शेजारी ठेवून खोडाची जाडी, पानांचा आकार आणि रंग यांचीही नोंद मुलांना करू द्यावी. कपाटातील खोड पांढुरके व लुळे, तर पाने पिवळट आणि इवलीशी दिसतील. प्रयोग मात्र इथेच थांबवू नये. दोन्हीकडची रोपे मातीत लावून, पूर्वीच्याच जागी ठेवून पाणी देत राहावे. दले सुरकुतून गळाली की अंधारातील रोपे माना टाकतात. त्यांतले एखादे रोप आधीच खिडकीत हलवले, तर एक-दोन दिवसांत त्याची पाने हिरवी होऊ लागतात, आणि हा बदल मुलांनी स्वतः पाहण्यासारखा आहे.

प्रतिसाद २:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र मांडणीत एक सुधारणा हवी. कपाट आणि खिडकी यांत उजेडाबरोबर तापमानही बदलते. त्यामुळे दोन्ही बरण्या खिडकीतच, पण थेट उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि एकीवर खालून हवा खेळेल असे पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. प्रत्येक बरणीत आठ-दहा बिया असाव्यात, कारण काही बिया रुजतच नाहीत आणि एकाच रोपावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. काय घडेल याचा अंदाज मुलांकडून आधीच लिहून घ्यावा. माझ्या मते प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

प्रतिसाद ३:
यानंतर खोक्याच्या एका बाजूला भोक पाडून आत रोप ठेवावे. ते भोकाकडे वळते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांची टोके झाकून पाहिली, तेव्हा कोंब उजेडाकडे वळले नाहीत, असे त्यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. ही हकीकत सांगून ‘रोपाला उजेड कुठे जाणवत असेल?’ असे विचारावे आणि गव्हाच्या नुकत्याच फुटलेल्या कोंबांवर चांदीच्या रंगाच्या कागदाच्या छोट्या टोप्या घालून मुलांनाच ते पडताळू द्यावे.